जाँ-मार्तँ शार्को

जाँ-मार्तँ शार्को (२९ नोव्हेंबर १८२५ – १६ ऑगस्ट १८९३) हे फ्रेंच वैद्यकतज्ज्ञ, विकृतिशास्त्राचे प्राध्यापक आणि आधुनिक चेताविज्ञानाचे एक संस्थापक होते. पॅरिसमधील सालपेत्रिएर रुग्णालयात त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केले. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाला स्वतंत्र रोग म्हणून निश्चित रूप देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. या रोगात हातापायांच्या हालचालींबरोबरच स्मरणशक्ती, आकलनाचा वेग आणि भावना यांवरही परिणाम होतो, ही नोंद त्यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस केली होती. दीर्घकाळचे दुःख व मनस्ताप यांचा या रोगाशी संबंध असावा, असेही त्यांचे मत होते. हिस्टेरिया व संमोहन यांवरील त्यांचे संशोधन त्यांच्या हयातीत विशेष गाजले, परंतु पुढे त्यातील बराच भाग अग्राह्य ठरला.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

शार्को यांचा जन्म पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील घोडागाड्या बनविण्याचा व्यवसाय करीत. कुटुंबाची आर्थिक स्थिती बेताची होती. लहानपणापासून शार्को अबोल व एकलकोंडे होते. त्यांना चित्रकलेची उत्तम जाण होती आणि चित्रकार व्हावे की वैद्य, याचा त्यांनी तरुणपणी विचार केला होता. अखेर त्यांनी वैद्यक निवडले, तरी रेखाटनाची सवय आयुष्यभर सोडली नाही. रुग्णाची उभे राहण्याची ढब, वाकलेली बोटे किंवा चेहऱ्यावरील स्नायूंचा ताण ते काही रेघांत टिपत असत. निरीक्षणावरील त्यांच्या प्रभुत्वाचे मूळ या सवयीत होते, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत शिक्षण घेऊन १८४८ मध्ये ते रुग्णालयांचे अंतर्निवासी वैद्य झाले. या काळात काही महिने त्यांची नेमणूक सालपेत्रिएर येथे होती. १८५३ मध्ये त्यांनी जुनाट संधिवात आणि गाऊट यांतील भेदावर प्रबंध सादर करून पदवी मिळविली. १८६० मध्ये ते विद्याशाखेत सहयोगी अध्यापक झाले. १८६४ मध्ये त्यांनी ऑग्युस्तीन-व्हिक्तोआर द्यूर्व्ही या सधन विधवेशी विवाह केला. त्यांना जान ही मुलगी आणि जाँ-बातीस्त हा मुलगा झाला. जाँ-बातीस्त शार्को पुढे ध्रुवीय प्रदेशांचे संशोधक म्हणून प्रसिद्ध झाले आणि १९३६ मध्ये आइसलँडच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून मरण पावले.

सालपेत्रिएर रुग्णालय

१८६२ मध्ये शार्को आणि त्यांचे मित्र आल्फ्रेड व्ह्युल्पियाँ यांची सालपेत्रिएर येथे वैद्य म्हणून नेमणूक झाली. ही संस्था सतराव्या शतकात चौदाव्या लुईच्या काळात स्थापन झाली होती. ज्या जागी पूर्वी तोफेच्या दारूसाठी लागणारा सोरा साठविला जाई, त्या जागी ती उभी राहिली आणि तिचे नावही त्यावरूनच पडले. शार्को तेथे आले तेव्हा ते नेहमीच्या अर्थाने रुग्णालय नव्हते. वृद्ध, निराधार, अपस्मारग्रस्त, पक्षाघाताने पंगू झालेल्या आणि मनोरुग्ण अशा सुमारे ५,००० स्त्रिया तेथे राहत. महत्त्वाकांक्षी वैद्य अशी नेमणूक टाळत असत, कारण बरे होऊन घरी जाणारे रुग्ण तेथे विरळाच आढळत.

शार्को यांनी याच गोष्टीत संधी पाहिली. तेथील स्त्रिया वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहत असल्याने त्यांच्या रोगाची वाटचाल सलगपणे पाहता येत होती आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनही करता येत होते. शार्को व व्ह्युल्पियाँ यांनी एकेका दालनातील रहिवाशांची तपासणी करून त्यांची टिपणे तयार केली. जिवंतपणी दिसलेली लक्षणे आणि मृत्यूनंतर मेंदूत व मज्जारज्जूत आढळलेले बदल यांचा मेळ घालण्याची ही पद्धत शार्को यांच्या सर्व महत्त्वाच्या शोधांचा पाया आहे. कालांतराने त्यांनी तेथे सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा, छायाचित्रण विभाग, विद्युतोपचाराची सोय, नेत्रतपासणीचा कक्ष आणि विकृतिशास्त्रीय नमुन्यांचे संग्रहालय उभारले.

१८७२ मध्ये ते विकृतिशास्त्रीय शरीररचनेचे प्राध्यापक झाले. १८८२ मध्ये फ्रेंच संसदेच्या संमतीने चेतासंस्थेच्या रोगांसाठी खास अध्यासन निर्माण करण्यात आले आणि त्यावर शार्को यांची नियुक्ती झाली. पुढच्याच वर्षी ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

मल्टिपल स्क्लेरोसिसवरील कार्य

मेंदूत व मज्जारज्जूत विखुरलेले कठीण, करड्या रंगाचे चट्टे शार्को यांच्या आधीही पाहिले गेले होते. रॉबर्ट कार्सवेल यांनी ब्रिटनमध्ये आणि जाँ क्रूव्हेल्ये यांनी फ्रान्समध्ये १८३० च्या दशकात व त्यानंतर अशा चट्ट्यांची चित्रे प्रसिद्ध केली. जर्मनीत फ्रिड्रिख फ्रेरिख्स यांनी १८४९ मध्ये रुग्ण जिवंत असताना निदान करण्याचा प्रयत्न केला आणि मानसिक बदलांचाही उल्लेख केला. तथापि, त्या काळी कंप असलेले बहुतेक रुग्ण कंपवाताच्या एकाच सदरात टाकले जात.

शार्को यांनी या दोन रोगांची फारकत केली. कंपवातात हात स्थिर ठेवला असतानाही थरथरतो, तर विखुरलेल्या चट्ट्यांच्या रोगात एखादी वस्तू उचलायला हात पुढे केला की कंप सुरू होतो आणि वस्तूजवळ पोहोचताना तो वाढतो, असे त्यांनी दाखविले. त्यांचे शिष्य लेओपोल्ड ऑर्डेनश्टाइन यांनी हा भेद आपल्या प्रबंधात मांडला. १८६८ मध्ये शार्को यांनी या रोगाचे सूक्ष्मदर्शकीय वर्णन प्रसिद्ध केले. चट्ट्यांच्या जागी चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण नष्ट होते, परंतु आतील तंतू पुष्कळदा टिकून राहतात, हे त्यांचे निरीक्षण आजही ग्राह्य आहे. त्यांनी रोगाला दिलेल्या फ्रेंच नावाचा अर्थ चट्ट्यांच्या स्वरूपातील काठिण्य असा होतो.

डोळ्यांच्या बुबुळांची अनैच्छिक हालचाल, हेतुपूर्वक हालचालीच्या वेळी येणारा कंप आणि तुटक, अक्षरे सुटी करून उच्चारलेली वाणी या तीन लक्षणांचा समूह शार्को यांचे त्रिक म्हणून ओळखला जातो. ही तिन्ही लक्षणे सर्वच रुग्णांत नसतात, हे त्यांना ठाऊक होते. रोगाच्या अपूर्ण, पुसट रूपांकडे लक्ष देण्याविषयी त्यांनी शिष्यांना वारंवार बजावले.

स्मृती व विचारशक्तीवरील परिणाम

शार्को यांच्या व्याख्यानांत या रोगातील मानसिक बदलांचे संक्षिप्त परंतु नेमके वर्णन आहे. बहुतेक रुग्णांची स्मरणशक्ती रोगाच्या ओघात ठळकपणे क्षीण होते, कल्पना मनात उमटण्यास वेळ लागतो आणि बुद्धी व भावना या दोन्ही शक्ती एकंदरीत बोथट होतात, असा त्याचा आशय आहे. काही रुग्ण आपल्या स्थितीविषयी उदासीन दिसतात. काही कारण नसताना हसतात आणि लगेच रडू लागतात, असेही त्यांनी नोंदविले. विचाराची मंदावलेली गती आणि स्मृतीचा ऱ्हास ही दोन लक्षणे त्यांनी एकत्र नोंदविली, हे या वर्णनाचे वैशिष्ट्य आहे.

ही व्याख्याने १८७० च्या दशकात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आयरिश वैद्य जॉर्ज सिगर्सन यांनी केलेल्या इंग्लिश भाषांतरामुळे ती फ्रान्सबाहेरही वाचली गेली.

चिंता व मनस्ताप यांविषयीचे विचार

रोगाच्या कारणांची चर्चा करताना शार्को यांनी दमट थंडीत दीर्घकाळ राहणे, इजा होणे आणि हिवताप नसलेले विषमज्वरासारखे तीव्र ज्वर यांबरोबर मानसिक कारणांचाही समावेश केला. लांबलेले दुःख, मनस्ताप, विवाहबाह्य गर्भधारणेमुळे आलेली संकटे आणि समाजातील अवघड स्थानामुळे सोसावा लागणारा त्रास यांचा त्यांनी उल्लेख केला. त्यांच्या रुग्ण बहुतांशी पॅरिसमधील गरीब स्त्रिया होत्या; त्यामुळे या यादीत त्यांच्या जीवनाचे प्रतिबिंब दिसते.

मानसिक ताणामुळे हा रोग निर्माण होतो, असे आज मानले जात नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मायलिनवर हल्ला करते, असे आजचे स्पष्टीकरण आहे. मात्र ताण आणि रोगाची उचल यांच्या संबंधाचा प्रश्न मिटलेला नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४ अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्या विश्लेषणात तणावपूर्ण घटनांनंतर रोगाची उचल होण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले. कार्यकारणाचा निर्णय मात्र त्यातून देता आला नाही.

चिंता आणि स्मृती यांच्या संबंधाविषयी शार्को यांची दोन रुग्णवर्णने प्रसिद्ध आहेत. हे दोन्ही रुग्ण मल्टिपल स्क्लेरोसिसचे नव्हते.

पहिले वर्णन १८८३ मधील आहे. हा रुग्ण अनेक भाषा जाणणारा, सुशिक्षित व्यापारी होता. वाचलेले पान किंवा पाहिलेले गाव तो मनःचक्षूंसमोर जसेच्या तसे आणू शकत असे. व्यवहारातील मोठ्या चिंतेमुळे त्याची भूक व झोप उडाली आणि त्यानंतर ही शक्ती एकाएकी नाहीशी झाली. त्याला पत्नीचा व मुलांचा चेहरा मनात आणता येईना; एकदा आरशातील स्वतःचे प्रतिबिंब परके समजून त्याने वाट सोडली. पुढे तो ऐकलेल्या शब्दांच्या आधारे गोष्टी लक्षात ठेवू लागला. स्मृती ही एकच शक्ती नसून दृश्य, श्राव्य व हालचालींच्या स्मृती वेगवेगळ्या असतात, या मताच्या पुष्टीसाठी शार्को यांनी या उदाहरणाचा उपयोग केला.

दुसरे वर्णन १८९१ मधील आहे. शिवणकाम करणाऱ्या एका विवाहितेला एका अनोळखी माणसाने तिचा पती मरण पावल्याची खोटी बातमी दिली. त्या धक्क्यानंतर तिला आधीच्या काही आठवड्यांतील घटना आठवेनात आणि नवी घटनाही लक्षात राहीना. तिला कुत्रा चावला, तेही ती विसरली. परंतु झोपेत ती त्याच घटनांविषयी बोलत असे आणि संमोहनावस्थेत त्या तिला आठवत. स्मृती नष्ट झाली नव्हती, ती फक्त हाताशी येत नव्हती, असा निष्कर्ष शार्को यांनी काढला. पियेर जाने यांनी पुढे या रुग्णेचा अभ्यास चालू ठेवला.

हिस्टेरिया, संमोहन आणि वाद

१८७० च्या दशकात शार्को हिस्टेरियाकडे वळले. हा रोग गर्भाशयाचा नसून चेतासंस्थेचा आहे आणि तो पुरुषांनाही होतो, असे त्यांनी ठामपणे मांडले. रेल्वे अपघातानंतर किंवा कारखान्यातील दुखापतीनंतर ज्यांचे हातपाय लुळे पडत, अशा कामगारांची उदाहरणे त्यांनी दिली. अपघातातील भीतीमुळे मनात रुजलेली कल्पना शरीरावर परिणाम करते, हा त्यांचा विचार पुढील मानसशास्त्राला उपयोगी पडला.

१८७८ च्या सुमारास त्यांनी संमोहनाचे प्रयोग सुरू केले आणि १८८२ मध्ये विज्ञान अकादमीपुढे संमोहनाच्या तीन अवस्था मांडल्या. त्यांची मंगळवारची व शुक्रवारची व्याख्याने ऐकण्यासाठी वैद्यांबरोबर लेखक, कलावंत व पत्रकारही येत. आंद्रे ब्रुये यांच्या १८८७ मधील चित्रात अशा एका व्याख्यानाचे दृश्य आहे. नान्सी येथील इपोलित बेर्नहाइम यांनी या प्रयोगांवर कठोर टीका केली. सालपेत्रिएरमधील रुग्णांना काय अपेक्षित आहे हे आधीच ठाऊक असते आणि त्यांची लक्षणे सूचनेतून निर्माण होतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते बव्हंशी खरे ठरले. रुग्णस्त्रियांना प्रेक्षकांपुढे उभे करण्याच्या प्रथेवर नंतरच्या अभ्यासकांनीही आक्षेप घेतले आहेत. आयुष्याच्या अखेरीस शार्को यांनी हिस्टेरियाविषयीच्या आपल्या मांडणीचा फेरविचार करण्याची गरज बोलून दाखविली होती, असे त्यांचे सचिव जॉर्ज गिनाँ यांनी लिहून ठेवले आहे.

या वादाचा मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांशी थेट संबंध होता. येणारी-जाणारी अंधुक दृष्टी, बधिरता, अशक्तपणा व भावनांचे चढउतार ही लक्षणे दोन्ही निदानांत आढळत. त्यामुळे विशेषतः तरुण स्त्रियांना हिस्टेरियाग्रस्त ठरविले जाण्याचा धोका होता. शार्को यांचे शिष्य जोसेफ बाबिन्स्की यांनी १८८५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसवर प्रबंध लिहिला. त्यांनी १८९६ मध्ये तळपायाच्या प्रतिक्षिप्त क्रियेचे जे चिन्ह वर्णिले, त्यामुळे चेतासंस्थेतील प्रत्यक्ष बिघाड ओळखण्याचे सोपे साधन वैद्यांच्या हाती आले.

इतर संशोधन आणि शिष्य

१८६९ मध्ये अलेक्सी जोफ्रुआ यांच्यासह केलेल्या अभ्यासापासून सुरुवात करून शार्को यांनी अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस या रोगाचे वर्णन पूर्ण केले. चेतासंस्थेच्या रोगात सांध्यांची होणारी झीज त्यांनी दाखविली. तिला शार्को सांधा म्हणतात. पियेर मारी यांच्यासह त्यांनी १८८६ मध्ये वर्णिलेला आनुवंशिक स्नायुक्षय, इंग्लंडमधील हॉवर्ड टूथ यांच्या स्वतंत्र वर्णनामुळे, शार्को-मारी-टूथ रोग या नावाने ओळखला जातो. कंपवाताला जेम्स पार्किन्सन यांचे नाव देण्याची सूचनाही शार्को यांचीच होती.

बाबिन्स्की, मारी, जाने, जिल द ला तुरेत, देझिरे-माग्ल्वार बूर्नव्हील आणि आल्फ्रेड बिने यांनी त्यांच्या हाताखाली किंवा सहवासात काम केले. सिग्मंड फ्रॉइड ऑक्टोबर १८८५ ते फेब्रुवारी १८८६ या काळात सालपेत्रिएर येथे होते. त्यांनी शार्को यांच्या व्याख्यानांचे जर्मन भाषांतर केले आणि आपल्या थोरल्या मुलाचे नाव जाँ मार्टिन ठेवले.

मृत्यू

ऑगस्ट १८९३ मध्ये शार्को काही सहकाऱ्यांसह मध्य फ्रान्समधील मोर्व्हाँ प्रदेशात सहलीला गेले होते. त्यांना काही वर्षांपासून हृदयविकार होता. १६ ऑगस्टच्या पहाटे सेताँ तलावाजवळील मुक्कामी फुप्फुसांत पाणी साचून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे दफन पॅरिसच्या मोंमार्त्र दफनभूमीत करण्यात आले. १८९८ मध्ये सालपेत्रिएरच्या प्रवेशद्वाराजवळ त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाखाली तो वितळविला गेला.

वारसा

शार्को यांच्या मृत्यूनंतर मल्टिपल स्क्लेरोसिसमधील विचार व स्मृती यांविषयीच्या त्यांच्या निरीक्षणाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. विसाव्या शतकाच्या बऱ्याच भागात हा रोग प्रामुख्याने हालचाल, दृष्टी व संवेदना यांचा मानला गेला आणि बौद्धिक ऱ्हास क्वचित व उशिरा होतो, असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाई. नेहमीच्या तपासणीत रुग्ण नीट बोलत असल्याने मंदावलेला विचार सहज लक्षात येत नसे. प्रमाणित मानसशास्त्रीय चाचण्या वापरात आल्यावर हे चित्र बदलले. स्टीफन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्णालयाबाहेर सर्वसाधारण जीवन जगणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्णांत बोधनक्षमतेतील उणीव आढळली. माहिती हाताळण्याचा वेग आणि नवी माहिती शिकून आठवणे या क्षमतांवर सर्वाधिक परिणाम होतो. शार्को यांनी नोंदविलेली लक्षणे हीच होती.

चिंतेचा प्रश्नही नव्याने पुढे आला आहे. निरनिराळ्या अभ्यासांचा आढावा घेता मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या व्यक्तींपैकी साधारण पाचव्या हिश्श्याला चिंताविकार किंवा त्याची लक्षणे असतात. काळजीचे विचार मनाच्या तात्पुरत्या स्मृतीची जागा व्यापतात आणि लक्ष हातातील कामावरून दुसरीकडे वळवितात. ज्यांच्या मेंदूत संदेशवहन आधीच मंदावलेले आहे, त्यांच्याजवळ ही तूट भरून काढण्यासाठी शिल्लक कमी असते. जे नीट लक्ष देऊन ग्रहण केलेले नाही ते नंतर आठवतही नाही. त्यामुळे लक्षातील उणीव स्मृतीतील उणिवेसारखी भासते. काही अभ्यासांत चिंतेचा संबंध माहिती हाताळण्याच्या कमी वेगाशी आढळला आहे. चाचणीत मोजलेल्या उणिवेपेक्षा रुग्णाला स्वतःला जाणवणाऱ्या विसराळूपणाशी चिंतेचे नाते अधिक घट्ट असल्याचेही अनेकदा दिसून येते.

या संबंधाची दिशा ठरविणे अवघड आहे. चिंतेमुळे विचार मंदावतो, तसेच विसराळूपणा जाणवू लागल्याने नोकरी व स्वावलंबन यांविषयीची चिंताही वाढते. शिवाय मेंदूतील चट्टे या दोहोंना कारणीभूत असू शकतात. म्हणूनच स्मृतीची तक्रार असलेल्या रुग्णाची तपासणी करताना चिंता, नैराश्य, थकवा व झोप यांचाही विचार करावा, असे मानले जाते. चट्ट्यांमुळे झालेली हानी पूर्णपणे भरून काढता येत नाही, पण चिंतेवर समुपदेशन, वर्तनोपचार व औषधे यांद्वारे उपचार करता येतात. विसरण्याची तक्रार ही केवळ मनाची समजूत आहे किंवा केवळ चट्ट्यांचा परिणाम आहे, असे यांपैकी एकच उत्तर गृहीत धरल्यास रुग्णाच्या उपचारात उणीव राहते.

शार्को यांच्या काळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हता. त्यांनी सोन्याचे क्लोराइड, सिल्व्हर नायट्रेट व स्ट्रिक्निन यांसारखी द्रव्ये वापरून पाहिली आणि त्यांपासून टिकाऊ लाभ होत नसल्याचे स्पष्टपणे नमूद केले. रोगाचे कारण व उपचार यांविषयीची त्यांची मते कालबाह्य झाली आहेत. मात्र रुग्णाचा हात कसा थरथरतो याबरोबरच त्याला काय आठवत नाही आणि तो कशाने झुरतो, हेही नोंदविण्याची त्यांची पद्धत चेताविज्ञानात टिकून आहे.